बाबांनी आज कळवलेलं नाही

ऑफिसात तिला तोंडावर ‘ताई’ म्हणायचे आणि पाठीमागे ‘चाळणी’. दोन्ही नावं तिला ठाऊक होती. दुसरं जास्त आवडायचं, पण ते कुणाला सांगायची सोय नव्हती. मोबाइलच्या अ‍ॅपमधल्या चुका हुडकायच्या आणि त्या आपोआप हुडकणारी स्क्रिप्टं लिहायची, हे तिचं काम. माणसानं खुशाल झोपावं आणि यंत्रानं राखण करावी, असा सगळा मामला. या कामात ती इतकी मुरलेली होती, की अ‍ॅपमध्ये नवं काही लोकांपर्यंत सोडायचं असलं की साहेबसुद्धा आधी तिच्या तोंडाकडे बघायचे. ती ‘हो’ म्हणाली की निघायचं. ‘थांबा’ म्हणाली की बाकीच्यांची पाचावर धारण बसायची, कारण तिचं ‘थांबा’ आजवर कधी वाया गेलं नव्हतं.

कंपनीचं अ‍ॅप होतं एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी. त्यात मोठंसं काही नव्हतं. एक भलंथोरलं बटण, त्यावर लिहिलेलं ‘मी ठीक आहे’. सकाळी उठलं की दाबायचं. दाबलं की मुलाच्या किंवा मुलीच्या फोनवर म्हाताऱ्याच्या नावापुढे हिरवा ठिपका उमटायचा. दहापर्यंत दाबलं नाही, तर म्हाताऱ्याच्या फोनवर घंटा वाजायची आणि त्याच वेळी मुलांना निरोप जायचा: आज कळवलेलं नाही. दाबल्यावर बटणाचा रंगसुद्धा बदलायचा नाही, कारण पडदा बदलला की म्हातारी माणसं गांगरतात, हे तिनंच साहेबांना पटवून दिलं होतं. इतक्याशा गोष्टीसाठी एक अख्खा मजला भरून माणसं राबत होती, आणि सगळ्यांची अशी समजूत होती की आपण मोठं पुण्याचं काम करतोय. तसं ते होतंही.

तिच्या फोनवर एकच नाव होतं. बाबा.

आई गेली तेव्हा ती रडली नाही. लोक म्हणाले, किती खंबीर आहे पोरगी. खंबीर कसली! दाढ काढताना दिलेलं इंजेक्शन उतरायचंच राहून जावं, तसं तिचं झालं होतं. त्याच आठवड्यात ती ऑफिसात येऊन बसली आणि पूर्वीपेक्षा बिनचूक काम करायला लागली. चहा पिऊन झाल्यावर तो गरम होता की गार, हे तिला सांगता आलं नसतं. लिफ्टमध्ये कुणी विनोद केला तर ती हसायची, पण ते हसू कुठून आलं आणि कुठे गेलं, याचा तिला पत्ता नसायचा. लग्न तिनं केलं नव्हतं, आणि त्याबद्दल विचारणारे नातेवाईक आता स्वतःच दमले होते. त्यामुळे घरी आल्यावर ‘तुला झालंय तरी काय’ असं विचारणारंही कुणी नव्हतं.

बाबा शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायचे. उभा जन्म त्यांनी छापखान्यात प्रुफं तपासली. ती लहान असताना ते सुट्टीच्या दिवशी घरी काम घेऊन बसले की ही शेजारी मांडी ठोकायची. लाल पेनाच्या खुणा त्यांनी तिला पाढ्यांच्या आधी शिकवल्या. हे अक्षर काढा, इथे जागा सोडा, हे शब्द उलटसुलट झालेत. तिची आवडती खूण वेगळीच होती. खोडलेला शब्द पुन्हा हवा असला, तर त्याच्याखाली टिंबं द्यायची. म्हणजे छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याला कळायचं, हा राहू दे. तिनं चित्र काढून रागानं खोडलं की बाबा येता-जाता त्याच्याखाली टिंबं देऊन जायचे. चुका काढायचा नाद तिला तिथे लागला. आई म्हणायची, घरात दोन-दोन चुका काढणारे, माझी काही धडगत नाही.

आई गेल्यावर हे दोन चुका काढणारे समोरासमोर बसायला लागले आणि दोघांनाही बोलायला काही सापडेना. टीव्ही चालू असायचा. बातम्या दोघंही बघायचे नाहीत. आईचं नाव कुणी काढायचं नाही. मग तिनं त्यांच्या फोनवर अ‍ॅप घालून दिलं आणि सगळं सोपं झालं. सकाळी ठिपका आला की काळजी मिटायची, आणि काळजी मिटली की फोन करायला कारण उरायचं नाही. दर आठवड्याची फेरी हळूहळू महिन्या-दीड महिन्यावर गेली. गेली की फळं ठेवायची, पाणी प्यायची, औषधं आहेत ना विचारायची आणि निघायची. मागच्या काही खेपांना स्वयंपाकघरात ओट्यापाशी एक प्लॅस्टिकचं स्टूल कायम ठेवलेलं दिसलं होतं. जागेवर नसलेली वस्तू तिच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं. तिनं ते पाहिलं होतं. विचारलं मात्र नव्हतं.

ऑफिसात खिडकीजवळच्या भिंतीला एक लोखंडी रॅक होता. त्यात वेगवेगळ्या बनावटीचे फोन ओळीनं उभे केलेले, प्रत्येकाच्या पोटात वायर. रोज सकाळी तिच्या स्क्रिप्टांची फेरी त्यांच्यावरून फिरायची. कुणी हात न लावता पडदे सरकायचे, बटणं दाबली जायची, अक्षरं टाइप व्हायची. नवा माणूस पहिल्यांदा ते पाहून दचकायचाच. फेरी संपली की भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर निकाल लागायचा: चाललं ते हिरवं, अडलं ते लाल. प्रत्येक फोनला पोरांनी नाव ठेवलेलं होतं. सगळ्यात महागडा तो नवरदेव, सारखी बंद पडायची ती रडूबाई, आणि सगळ्यात जुना, जाडजूड, तो आजोबा. रॅकची देखभाल ज्याच्याकडे होती त्याला वायरमन म्हणायचे. तो कॉम्प्युटरचा इंजिनियर होता, पण या नावापुढे त्यानं कधीच हात टेकले होते.

त्या दिवशी सकाळच्या बैठकीत वायरमननं उभ्या-उभ्याच जाहीर केलं, “ताई, आजोबा गेले.”

सगळे हसले. तीही हसली. जुन्या फोनची बॅटरी फुगून पाठ उचलली गेली होती, म्हणून त्यानं आल्या-आल्या तो रॅकमधून काढून पेटायच्या भीतीनं वाळूच्या डब्यात ठेवला होता. त्याच्यावरची सकाळची फेरी झाली नव्हती. त्याच्यावर काय चालायचं, असं तिनं विचारलं. वायरमननं कागद न बघता सांगितलं, की काहीतरी जुनंपुराणं आहे, ‘बटण, जुना फोन’ असल्या नावाचं, आणि ते लाल झालेलं त्याला कधी आठवत नाही. मग असू दे, ती म्हणाली, त्याच बनावटीचा एखादा नवा जुना फोन बघ. ‘नवा जुना फोन’ यावर पुन्हा हशा झाला आणि बैठक पुढे सरकली.

दहा वाजता तिचा फोन थरथरला. ‘बाबांनी आज कळवलेलं नाही.’

हे वाक्य तिनं स्वतः तपासलं होतं. किती अक्षरांत बसतं, लहान पडद्यावर तुटतं का, आंधळ्या माणसाला फोन ते नीट वाचून दाखवतो का. पण ते स्वतःच्या फोनवर तिनं पहिल्यांदाच बघितलं. समोर रिलीजची बैठक चालली होती, साहेब तिच्या तोंडाकडे बघत होते. असे बहुतेक निरोप विसरभोळेपणाचे असतात, हे तिच्याइतकं कुणाला माहीत? तिनं फोन पालथा घातला. खरं सांगायचं तर तिला काही वाटलं नाही. काहीतरी वाटायला हवं होतं एवढं कळलं, तेही दुसऱ्या कुणाबद्दल कळावं तसं.

जेवायच्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी तिनं फोन लावला. बाबांनी लगेच उचलला.

“आज कसा काय फोन?”

“बाबा, आज बटण दाबलं नाहीत तुम्ही.”

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला.

“आज?” बाबा म्हणाले.

“हो, आज. विसरलात का?”

“बरं,” बाबा म्हणाले. “दाबतो.” आणि त्यांनी फोन ठेवला.

थोड्या वेळानं ठिपका हिरवा झाला. ती जेवली. पण तो ‘आज?’ दातात धागा अडकावा तसा अडकून बसला. बाबा म्हणजे काही शब्द वाया घालवणारा माणूस नव्हे. प्रश्नचिन्ह तर ते तिथेच द्यायचे, जिथे काहीतरी जुळत नसायचं. आज आजोबा रॅकमधून निघाला आणि आजच हा निरोप आला, हे तिच्या डोक्यात आलं तेव्हा घास तोंडातच राहिला. तिनं डबा तसाच बंद केला, जागेवर जाऊन बाबांच्या अकाउंटची नोंद उघडली आणि बटण कोणत्या फोनवरून दाबलं गेलं ते बघायला लागली.

आजचं, मघाचं, बाबांच्या फोनवरून होतं. कालचं रॅकमधल्या आजोबावरून. परवाचं आजोबावरून. ती खाली-खाली जात राहिली. महिनोन् महिने सगळं आजोबावरून.

झालं होतं असं. सुरुवातीच्या दिवसांत बाबांनी तक्रार केली होती, की तुझं बटण मेलं दोनदा दाबावं लागतं. तिच्या खोट्या अकाउंटांवर ती चूक काही केल्या दिसेना. तेव्हा तिनं बाबांच्यासारखाच फोन मागवून रॅकमध्ये लावला, त्यात एका दिवसापुरतं म्हणून बाबांचंच अकाउंट उघडलं आणि रोज सकाळी बटण दाबणारी स्क्रिप्ट लिहिली. चूक सापडली, दुरुस्त झाली. बाबा खूश होऊन म्हणाले होते, आभारात माझं नाव छापा. स्क्रिप्ट मात्र तिथेच राहिली. रोज हिरवी होणारी टेस्ट कोण कशाला उपसून काढतो? खऱ्या माणसाचं अकाउंट टेस्टला वापरायचं नाही, यावरून तिनं किती जणांना फैलावर घेतलं होतं. आणि तिच्याच हातचं यंत्र रोज सकाळी, म्हातारा उठलाय की नाही हे न बघता, म्हाताऱ्याच्या वतीनं सांगत होतं, मी ठीक आहे.

सुरुवातीला नोंदीत रोज दोन ओळी होत्या, एक यंत्राची आणि एक बाबांची. मग थंडीतल्या एका सकाळी बाबांची ओळ नव्हती. त्यानंतर ती आजपर्यंत कधीच नव्हती.

साहेबांनी विचारलं, काय मग, सोडायचं का आज? ती म्हणाली, थांबा. कारण विचारल्यावर तिनं सगळं सांगितलं, ती स्क्रिप्ट स्वतःच्या हातानं काढून टाकली, असं आणखी कुठे राहिलंय का ते बघायला वायरमनला बसवलं आणि पर्स उचलली.  

बाबांनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, आनंदही नव्हता. फळं कुठेत, एवढंच त्यांनी विचारलं, कारण ती रिकाम्या हातानं कधी यायची नाही. मग चहा ठेवायला आत गेले. ते किंचित लंगडत होते. हे तिनं मागच्या खेपेलाही पाहिलं असणार. नक्कीच पाहिलं असणार.

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तिनं त्यांना सगळं सांगितलं. यंत्राचं, अकाउंटचं, रोजच्या हिरव्या ठिपक्याचं.  ऐकून झाल्यावर बाबा स्टुलाकडे बघत, कुणी छापून आलेलं वाचून दाखवावं तशा सुरात बोलायला लागले.

थंडीत एकदा ते ओट्यापाशी घसरून पडले होते. पाय मुरगळला, उठता येईना, आणि फोन आतल्या खोलीत उशाशी. त्यांनी विचार केला, घाबरायचं कारण नाही, दहा वाजले की तिला कळेलच. कपाटाला पाठ टेकून ते आतली घंटा वाजायची वाट बघत बसले. घंटा वाजली नाही. दहा वाजून गेले. शेजारणीला हाक मारता आली असती, पण लाज वाटली.

“तुझी वाट बघायला लाज नव्हती,” बाबा म्हणाले.

दुपार कलली तेव्हा त्यांनी सरपटत जाऊन ते स्टूल ओढलं आणि त्याच्या आधारानं उठले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम बटण दाबलं नाही. बघू म्हटलं. तिसऱ्या दिवशीही नाही. ना घंटा, ना फोन. मध्ये ती येऊनही गेली, फळं ठेवून, पाणी पिऊन.

“मग वाटलं, तू माझं बंद करून टाकलंस. सगळं तुझ्याच हातात ना. रोज उठून म्हाताऱ्याची कटकट कशाला.”

“विचारायचं तरी, बाबा.”

“काय विचारायचं?”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं. तिनं टेबलावरचं मेणकापड दोन्ही हातांनी सपाट केलं, ते आधीच सपाट होतं.

“मी काही बंद केलं नाही. मला निरोप आलाच नाही, बाबा. आला असता तर हातातलं काम टाकून, तशीच धावत आले असते.”

बाबांनी कप खाली ठेवला.

“आज घंटा दहाला वाजली,” ते म्हणाले. “इतक्या महिन्यांनी वाजली, म्हणून मी दाबलं नाही. इथेच बसलो होतो. तुझा फोन जेवणाच्या वेळेला आला.”

 यंत्राची चूक तिनं दुपारीच शोधून काढली होती, पण ही तिची तिला दिसली नव्हती. ती बाबांनी शोधली, आणि तीही काही खटपट न करता, नुसतं बसून. तिला वाटलं, आता रडू येईल. तिनं वाट बघितली. आलं नाही.

“आई गेल्यापासून मला काही वाटतच नाही,” ती म्हणाली. हे तिनं कुणाजवळच बोलून दाखवलं नव्हतं. “निरोप वाचला आणि फोन पालथा ठेवला. काही वाटलंच नाही.”

“मलाही नाही वाटत, ठमे,” बाबा म्हणाले. या नावानं त्यांनी तिला कित्येक वर्षांत हाक मारली नव्हती. “पडलो तेव्हा दुखलं, तेवढंच. म्हणून तर तुला विचारलं नाही. म्हटलं, हिचंही तेच असणार.”

दोघांचा चहा गार झाला होता. तो गार आहे, हे तिच्या लक्षात आलं.

जरा वेळानं बाबांनी विचारलं, की आता हे ऑफिसात लिहून द्यावं लागेल ना? द्यावं लागेल, ती म्हणाली, उद्याच. कसं लिहिता तुम्ही, बाबांनी विचारलं. तिनं सांगितलं, की आमच्यात दोनच गोष्टी असतात, काय व्हायला हवं होतं ते आणि काय झालं ते. बाबांनी चष्मा लावला. समोर कागद नव्हता, पण तपासायचं म्हटलं की त्यांना चष्मा लागायचाच.

“सांग बघू. काय व्हायला हवं होतं?”

“वडिलांनी बटण दाबलं नाही, तर मुलीला निरोप जावा,” ती म्हणाली. आणि मग, न ठरवता, “आणि मुलीनं यावं.”

ती थांबली. आपलंच वाक्य तिला ऐकू आलं. रडू आलं नाही, पण बऱ्याच दिवसांनी काहीतरी वाटलं.

“दुसरं खोडते,” ती म्हणाली. “ते काही अ‍ॅपचं काम नाही.”

 बाबांनी हात पुढे केला आणि तिच्यासमोरच्या मेणकापडावर, जणू तिथेच ते वाक्य लिहिलेलं होतं, त्याच्याखाली बोटानं एकेक करून टिंबं दिली.